मोनूला कोणाच्या हाती द्यायचं

दुर्गेश्वरी माझी भाडेकरू. तीन वर्षांपूर्वी ती नवऱ्याला घेऊन माझं घर बघायला आली, तेव्हा मी समोरच्या खोलीत पंखा लावून, दोन खुर्च्या मांडून बसलो होतो. बाईसाहेब त्या खोलीत थांबल्याच नाहीत. थेट मागे गेल्या, न्हाणीच्या भिंतीला हात लावून पाहिला, गच्चीवर चढल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "काका, मागच्या भिंतीले ओल आहे. तेवढी नीट करून देसाल तं आमी येतो."

मी सदतीस वर्षं पोस्टात काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. माझ्या घरात येऊन मलाच माझी ओल दाखवणारी ही पहिलीच. राग आला, पण ओल खरी होती.

ही खोड तिच्या माहेरची. अर्जुनी मोरगावकडच्या कोहळी समाजाची पोर. तिकडे इटियाडोह धरणाचं पाणी पोचण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी गावोगावी तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, बांधल्या. तिचे वडील टेकचंद अजूनही बोडीची पाळ, तिचा मातीचा बांध, तपासतात ती पाण्याच्या बाजूने नाही. बोडी काठोकाठ भरली आणि पाऊस दोन दिवस उघडला, की ते पाळीच्या मागच्या अंगाला उतरतात आणि अनवाणी चालत जातात. पायाला गार लागलं, की तिथे खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपतंय असं समजायचं. रिकाम्या बोडीची पाळ कोणालाही चांगलीच दिसते, असं त्यांचं म्हणणं. दुर्गेश्वरी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागून चाललेली आहे.

ती कृषी सहायक. स्कूटीवर गावं फिरायची, धानावरची कीड बघायची, शेतकऱ्यांशी भांडायचं. नवरा धर्मेंद्र रायपूरला कारखान्यात, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. सासू नाही. मोनू झाला तेव्हा तिच्या आई शांतीबाई येऊन राहिल्या, पण धानकापणी तोंडावर आली आणि त्यांना गावी जावं लागलं. रजा वाढवून वाढवून संपली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. मोनू नऊ महिन्यांचा, रांगता, दिसेल ते तोंडात घालणारा. असं लेकरू दिवसभर ठेवायचं कुठे, हा तिच्यापुढचा प्रश्न आणि हातात दिवस आठ.

मी म्हणालो, "चिंता कायले करतेस? टीना मॅडमचं पाळणाघर आहे ना. ओळखीतल्या आहेत."

मीच तिला घेऊन गेलो. भिंतीवर हत्ती, ससे, सगळीकडे कॅमेरे, ते आपल्या मोबाइलवर दिसतात म्हणे. टीना मॅडम गोड बोलल्या, "अंकल, आप तो घर के हैं," आणि चहा मागवला. मी खुशीत होतो. दुर्गेश्वरीने मोनूला माझ्या मांडीवर दिलं आणि बाहेर फोन करायचा आहे म्हणून उठली.

चहा अर्धा झाला असेल. समोरच्या दारातून ती आत आली, आणि तिच्या कडेवर एक भलतंच लेकरू.

"अरे, ये तो हमारा विहान है," मॅडम उभ्याच राहिल्या.

"मागचा दरवाजा उघडा होता," दुर्गेश्वरी शांतपणे म्हणाली. "दोन बाया मोबाइल पाहून राहिल्या होत्या. मी याले उचललं, गल्लीतून फिरून समोर आली. कोनी मले विचारलं नाही, तू कोन म्हणून."

मॅडमनी विहानला तिच्याकडून घेतलं आणि मागच्या दाराकडे धावल्या. रस्त्यात मी तिला झापलं, की दुसऱ्याचं लेकरू असं उचलतात का, कोणी पाहिलं असतं तर चोर म्हणून धरलं असतं.

"धरलं असतं तं मोनूले तिथंच ठेवलं असतं, काका," ती म्हणाली.



मग तिने शामकलाबाई शोधून काढली. नागरा रोडच्या बाजूला टिनाचं छप्पर, समोर लोखंडी जाळीचं दार, बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढलेली बाई, आणि सांभाळायला चार पोरं. भिंतीवर हत्ती नाही की घोडा नाही. मी नाक मुरडलं. दुर्गेश्वरी अर्थातच मागे गेली. पाण्याच्या ड्रमवर झाकण, झाकणावर दगड. फिनेलची बाटली खुंटीला, उंचावर. मागच्या दाराला आतून कडी आणि वर खिळा. ती तिथे दोन तास बसली. त्या दोन तासांत तिने शामकलाबाईला जेवढं विचारलं, त्याच्या दुप्पट शामकलाबाईने तिला विचारलं. शेवटी म्हणाली, "पोराले न्याले कोन कोन येईल, ते आताच सांगा. दुसऱ्या कोनाले मी देत नाही."

दुर्गेश्वरीने दोन नावं सांगितली, स्वतःचं आणि धर्मेंद्रचं.

शनिवारी मोनूला अर्धा दिवस ठेवून पाहायचं ठरलं. दुपारी एकला तिचा फोन आला. "काका, मी ऑफिसात अडकून राहिली. मोनूले घेऊन येता का?"

मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

जाळीच्या दाराआडून शामकलाबाईने विचारलं, "तुमी पोराचे कोन?"

"अहो, परवा तिच्यासोबत आलो नव्हतो का? घरमालक. ईश्वरदास, रिटायर पोस्टमास्तर."

"घरमालकाले लेकरू नाही देत मी."

मला वाटलं, गंमत करते आहे. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला, मोनू माझ्या मांडीवर. ती म्हणाली, "फोटो तं कोनाजवळही राहते." दुर्गेश्वरीला फोन लावला, बंद. मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या शहरात मला कोण ओळखत नाही? मी आवाज चढवला, पोलिसांना बोलावतो म्हणालो.

"बोलवा ना. पोलिसालेही नाही देत."

एवढ्यात आवाज ऐकून मोनू आतून रांगत आला. मला पाहिलं, जाळी धरून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून रडायला लागला. मी जाळीतून बोट घातलं. शामकलाबाईने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली. "लेकरू तं हसून बोलणाऱ्या कोनाकडेही हात करते," ती म्हणाली. मला खुर्ची दिली, पाण्याचा गडू दिला, मोनू दिला नाही. त्या खुर्चीवर बसून मी त्याचं रडणं ऐकत होतो, आणि इतका अपमान मला सदतीस वर्षांच्या नोकरीत कोणी केला नव्हता.

वीसेक मिनिटांनी दुर्गेश्वरी आली. ऑफिसातून नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, चालत. ती तिथेच बसून सगळं पाहत होती. तिला पाहताच शामकलाबाईने कडी काढली आणि मोनू तिच्या हातात दिला.

माझ्या लक्षात आलं. मी ताडकन उठलो. "म्हणजे तू या बाईला माझ्यावर पारखून पाहिलंस? या वयात मला दारात उभं करून? दुसरं कोणी मिळालं नाही तुला?"

"दुसरं कोन पाठवू, काका?" ती म्हणाली. "अनोळखी मानसाले तं कोनीही अडवते. जो भला दिसते, ज्याच्याकडे मोनू झेपावते, त्याले अडवलं तं मी सोमवारी निश्चिंत जाईन. असा मानूस मले एकच मालूम आहे."

माझा राग कुठे गेला, मला कळलं नाही. माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा पुण्यात आहे, त्याला मूलबाळ नाही, आणि या गोष्टीबद्दल मी कोणाशी बोलत नाही.

दुर्गेश्वरी शामकलाबाईकडे वळली. "बाई, तिसरं नाव घ्या. ईश्वरदास. मोनूचे आजोबा."

सोमवारी ती कामावर हजर झाली. दुपारी तिला खरंच उशीर झाला, म्हणून मी गेलो. शामकलाबाईने मला नीट ओळखलं होतं, तरी जाळीआडून विचारलंच, "कोन?"

"मोनूचा आजोबा," मी म्हणालो. एवढे दोन शब्द मी इतक्या हळू बोललो, की दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं. मग तिने कडी काढली.