पुसलेले ठसे

अलवरजवळच्या व्याघ्र प्रकल्पात मला मिळालेला जीपचालक पन्नाशीचा होता. नोएडाहून पहाटे निघून येणाऱ्या पर्यटकांविषयी त्याला कसलेही कुतूहल उरले नव्हते. सांबर ओरडले की तो इंजिन बंद करी, मान किंचित कलती करी आणि प्रश्न विचारणाऱ्याला तळहात दाखवून गप्प करी.

एका वळणावर धुळीत वाघिणीचे ताजे ठसे दिसले, शेजारी पिल्लांचेही. मी फोटोसाठी फोन काढेपर्यंत त्याने जीप त्यांच्यावरून दोनदा पुढे-मागे केली. ठसे नाहीसे झाले.

"भैया, ये तो डेटा था," मी म्हणाले. संशोधक म्हणून मला याहून गंभीर आक्षेप सुचला नाही.

"मॅडम, पीछे ग्यारह गाड़ियाँ हैं. बच्चे छोटे हैं. आप तो शाम को घर चली जाएँगी, इन्हें यहीं रहना है."

पुढे पाणवठ्यापाशी दुसरी जीप शेजारी येऊन थांबली.

"उस्ताद, कुछ दिखा?" तिच्या चालकाने विचारले.

"मोर," हा जांभई देत म्हणाला.

त्या चालकाचा विश्वास बसला नाही. त्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिले. निरीक्षणांत फेरफार करू नये, हे मी कनिष्ठांना नेहमी बजावते.

"दो मोर थे," मी म्हणाले.