पासिंगपुरत्या काढलेल्या चकत्या

मीरासाहेब मिस्त्री तापट होता, आणि मला तो त्यासाठीच आवडायचा. चिंचवडला माझ्या वेल्डिंगच्या दुकानासमोर त्याचं गॅरेज होतं. एखादा नट ढिला दिसला की मालक कितीही मोठा असो, त्याची खरडपट्टी ठरलेली.

चौऱ्याहत्तर साली यशवंतरावांची टॅक्सी जीप त्याच्याकडे आली. कारखान्यांसाठी गेलेल्या जमिनीच्या पैशातून घेतलेली. चाकं बाहेर आली की गाडी रुबाबदार दिसते म्हणून यशवंतरावांनी चाकांच्या आत बोटभर जाडीच्या लोखंडी चकत्या घातल्या होत्या. आरटीओला न कळवता असला बदल करणं बेकायदा. म्हणून दर वर्षी पासिंगच्या आदल्या दिवशी चकत्या काढायच्या आणि शिक्का मिळाला की परत बसवायच्या. हा उद्योग एकट्या यशवंतरावांचा नव्हता, अर्ध्या गावाचा होता. या लबाडीला आम्ही सगळे सरळ ‘पासिंगचं काम’ म्हणायचो, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी चकत्या काढताना मीरासाहेब भडकला. चकतीच्या जाडीने बोल्टाची लांबी खाल्ली होती. नट जेमतेम तीन आट्यांवर लटकला होता.

जीप पास होऊन आली तेव्हा त्याने चकत्या यशवंतरावांपुढे आपटल्या. “मी बसवणार नाही. चाक निखळलं तर आतली माणसं मरतील!”

“गाडी माझी हाय, मीरासाहेब. तुमी मिस्त्री, मालक न्हाई. आन पासिंगचा कागद हाय की माज्याकडं.”

यशवंतरावांनी चकत्या उचलल्या आणि दुसरीकडून बसवून घेतल्या.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी चाकणच्या बाजाराला जाताना मोशीच्या पुढे जीपचं पुढचं चाक निखळलं. आत बसलेली आमच्या आळीतली छबूबाई जागच्या जागी गेली. भाजी विकून दोन पोरींना शाळा शिकवत होती बिचारी.

चौकीत मीरासाहेबाला आणि पंच म्हणून मला बोलावलं. यशवंतराव फौजदारापुढे कागद नाचवत होते. “सरकारनं पास केलेली गाडी हाय. माजा काय दोष?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, “साहेब, या मीरासाहेबाने चकत्या बसवायला साफ नकार दिला होता. विचारा त्याला.” गावातही चार दिवस त्याची तीच तारीफ चालली होती.

मीरासाहेब माझ्यावरच खेकसला, “गप बस! नकाराचं कौतुक सांगतो मोठा!” मग तो फौजदाराकडे वळला. “लिहा साहेब. पासिंगच्या आदल्या दिवशी चकत्या मी काढल्या. कशासाठी काढतोय ते ठाऊक असून काढल्या. दर वर्षी गावातल्या गाड्यांच्या काढत आलो. ही गाडी पास मी करून दिली.”

फौजदाराने लेखणी थांबवली. “मिस्त्री, हे लिहिलं तर तू अडकशील.”

“लिहा म्हणतो ना!”

फौजदाराने लिहिलं. खाली पंच म्हणून सही मी केली.