ड्रमरचा कान

मला शिंक आली आणि टोन द्यायचा राहून गेला. तरी काचेपलीकडे बसलेल्या डेरेकने बटण दाबलं.

मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणारी. औषधं देणारे डॉक्टर वेगळे. सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या आमच्या क्लिनिकमध्ये एक साउंडप्रूफ खोली आहे. पेशंट हेडफोन लावून आत बसतो, मी बाहेरून बारीक बारीक आवाज देते. त्यालाच टोन म्हणतात. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. झाली टेस्ट. आता टोनच दिला नाही, तर हा बाबा बटण कसलं दाबतोय?

डेरेक एका ब्रिटिश इंडी रॉक बँडचा ड्रमर, पन्नाशीच्या आसपासचा. त्याला घेऊन बँडचा गायक मार्टिन आला होता. टेस्टच्या आधी फॉर्म भरता भरता मार्टिनने मला बँडची सगळी कुंडली सांगितली. शाळेतले चार मित्र, एकाच्या वडिलांचं गॅरेज, तीन अल्बम, बऱ्यापैकी नाव. मग भांडणं, आणि नंतर कित्येक वर्षं अबोला. आता कुठे पुन्हा जमून ही टूर काढली होती. संध्याकाळी सिंगापूरचा शो होता. पण बँकॉकच्या शोपासून डेरेकच्या कानातली शिट्टी थांबत नव्हती, म्हणून टूर मॅनेजरने रिपोर्ट मागितला होता.

"वाईट आला तर?" मी विचारलं.

"तर घरी. त्याच्याशिवाय मी गात नाही."

आणि रिपोर्ट तर जवळजवळ नॉर्मल येत होता. मी मनातून खूश होते. तेवढ्यात ती शिंक.

चूक माझीच होती, सरळ कबूल करते. दोन टोनमधलं अंतर सारखं बदलत ठेवायचं, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. ज्युनियर्सना मी त्यावरून झापतेही. पण इतकी वर्षं तेच काम करून माझ्याच हाताला ठेका लागला होता. त्यात समोर बसवला कोण, तर ड्रमर! त्याने दोन मिनिटांत माझा ठेका पकडला. ऐकू येवो न येवो, बोट बरोबर वेळेवर पडत होतं.

मी टेस्ट पुन्हा घेतली, मुद्दाम वेडीवाकडी. ग्राफ धाडकन खाली आला. वरच्या पट्टीचे आवाज दोन्ही कानांतून गेलेले. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत.

मी आत गेले ती चिडूनच. "मला फसवत होतात का?"

"मुद्दाम नाही हो," तो ओशाळून म्हणाला. "हात आपोआप चालतो." मग खाली बघत त्याने सांगितलं, की मार्टिन काय गातो ते त्याला कित्येक वर्षांत नीट ऐकूच आलेलं नाही. ओळ सुरू करताना मार्टिनचा खांदा जरा वर जातो. त्या खांद्यावर नजर ठेवून तो वाजवतो. मार्टिनला कळलं तर तो बँड बंद करील, या धास्तीने कधी बोलला नाही.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी म्हटलं, "पेशंटचं आम्ही बाहेर सांगत नाही. पण तुम्ही सांगा. आत्ताच सांगा."

मार्टिनला आत बोलावून त्याने सगळं सांगितलं. मार्टिन डेरेकच्या शेजारी जाऊन बसला.

"म्हणून तू सारखा माझ्याकडे बघायचास?" तो म्हणाला. "मला वाटायचं, माझा राग राग करतोस. म्हणून तर मी सोडून गेलो होतो."

दोघं पोरांसारखे रडले. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

आमच्या कानाच्या डॉक्टरांनी मोठ्या आवाजाला साफ नकार दिला. मार्टिनने अँप, म्हणजे गिटारचे स्पीकर, अगदी हळू करायला लावले, डेरेकने काठ्या ठेवून हळू वाजणारे तारांचे ब्रश घेतले, आणि शो झाला. मी लेकीला घेऊन गेले होते. "रॉक बँड म्हणे! सो सॉफ्ट लाह, आई," ती तिच्या सिंगापुरी ढंगात कुरकुरली. घरी कुणी गेलं नाही. उरलेली टूर त्यांनी अशीच हळू आवाजात पुरी केली. डेरेक आता श्रवणयंत्र वापरतो, आणि बँड चालू आहे.

मी एवढंच शिकले, की रिपोर्ट फार छान आला तर आधी तपासणाऱ्याला तपासावं. आणि माणूस टक लावून बघत असेल, तर का बघतोस, हे त्यालाच विचारावं. त्यासाठी मशीन लागत नाही.