गच्च भरलेलं विमान आणि माझा डबा

प्रवाशांचं सामान फिरतं त्या पट्ट्यावर साहेबानं माझा जेवणाचा डबा ठेवायला लावला.

"उघड."

उघडला. वरच्या खणात अर्धी भाकरी आणि ठेचा. खालच्या खणात सँडविच. विमानातलं. न विकलेलं. संध्याकाळी कचऱ्यात जाणारं.

साहेबानं ते दोन बोटांत उचललं. मेलेला उंदीर उचलतात तसं. जमलेल्या सगळ्या कामगारांना दाखवलं.

"कंपनी तोट्यात का जाते? हे असं."

सगळे हसले. मीही हसलो. मालक हसला की हसायचं, ही अंगात मुरलेली खोड.

साहेब विमान कंपनीचा इथला मॅनेजर, मुंबईचा. माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. मला 'तू' म्हणायचा, आणि नाव ठाऊक असून 'ए वडाप' म्हणून हाक मारायचा. तो मान मी स्वतःच कमावलेला. विमानतळावर लोडर म्हणून लागण्याआधी मी हुपरी-कोल्हापूर वडापची जीप चालवायचो. वडापचं शास्त्र सोपं. भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. 'सरका की पावणं, अजून एकजण बसतोय' म्हणत माणसं कोंबायची. भरली की पोऱ्या बॉडीवर दोन थापा मारतो आणि गाडी सुटते. भरलेली गाडी म्हणजे फायदा. यापलीकडं अर्थशास्त्र असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर विमानतळावरचा पहिला दिवस. विमान गच्च. बॅगा चढवल्या, दार लागलं, आणि माझा हात आपोआप उठला. विमानाच्या पोटावर दोन सणसणीत थापा. "चलाऽऽ, जाऊ द्या!"

इंजिनिअर पळत आला. पोचा आला का म्हणून वाकून वाकून बघत बसला. विमान सुटायला उशीर झाला. मी वडाप झालो.

त्याच वडापनं आता तोंड उघडलं. "साहेब, विमान तर रोज गच्च जातंय. मग तोटा कसा हो?"

पुन्हा हशा. पण साहेब खुलला. अडाण्याला शिकवायची संधी त्यानं कशी सोडावी? इंधन महाग, त्यावर कर. विमान आपलं नाही, भाड्याचं, आणि ते भाडं डॉलरात. रुपया घसरला की भाडं आपोआप वाढतं. सुटे भाग परदेशातून येतात, तोवर विमान उभं, भाडं चालूच.

"मग तिकीट वाढवा की."

"वाढवलं की पॅसेंजर दुसऱ्या कंपनीकडं जातो. त्यांनी पाडलं की आपणही पाडायचं."

"म्हंजे खुर्चीमागं तोटा खाऊन विमान भरायचं?"

"रिकामं नेलं तर अजून मोठा तोटा. समजलं?"

समजलं. माझं वडापचं शास्त्र इथं पार बोगस होतं, हे मान्य. पण त्याच्याबरोबर दुसरंही समजलं. तेलवाला ऐकत नाही. विमानाचा मालक ऐकत नाही. पॅसेंजरापुढं तर हात जोडून उभं राहायचं. एवढ्या सगळ्यांपुढं वाकून वाकून साहेबाची कंबर गेलेली. ताठ उभं राहायला त्याला एकच जागा उरली होती. माझ्या डब्यासमोर.

"सँडविच कुणी दिलं?" साहेबानं विचारलं.

दिलं होतं आक्काताईंनी. विमान झाडायला कळंब्याहून येतात. दुपारचं विमान रखडलं, मला धड जेवायला सवड मिळाली नाही, म्हणून त्यांनीच माझ्या डब्यात कोंबलं होतं. "खा गप. टाकायचंच हाय की ते." आता त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झाडू छातीशी. मुलगी बाळंतपणाला आलेली, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

"नाव सांग. तुझी नोकरी राहील. उद्यापासून साफसफाईच्या बायकांच्या पिशव्या तूच तपासायच्या. लपवायच्या जागा तुला बरोबर माहीत."

खोटं कशाला बोलू, क्षणभर गुदगुल्या झाल्या. तपासनीस! गळ्यात नवा पट्टा! मग माझा डबा दिसला. पट्ट्यावर उघडा पडलेला. उद्या तिथं आक्काताईंची पिशवी, आणि उघडणारा हात माझा.

आक्काताई एक पाऊल पुढं आल्या. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"मीच घेतलं. आणि पिशव्या मी तपासणार न्हाय."

"काय म्हणालास?"

"आधी त्या तेलवाल्याची पिशवी तपासा. विमान भाड्यानं देतोय त्याची तपासा. तिथं तुमचा हात पोचत न्हाय, म्हणून आमच्या डब्यात घालताय व्हय?"

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजच जातो की."

त्याच्या दोन बोटांतनं सँडविच काढून घेतलं. त्याच पट्ट्यावर बूड टेकलं आणि सगळं खाल्लं. साहेब बघत होता. सँडविच थंडगार आणि मिळमिळीत. नोकरी घालवायचीच होती तर निदान झणझणीत मिसळीपायी तरी घालवायची. पण या वेळी कुणी हसलं नाही.

आता पुन्हा वडाप. आक्काताई परवा माझ्याच जीपमध्ये बसल्या होत्या. म्हणाल्या, पिशव्या तपासायला साहेबाला अजून कुणी गावलं न्हाय.

डोक्यावरनं विमान जातं. गच्च भरलेलं, तोट्यात बुडालेलं. जाऊ दे. त्यांचा तोटा त्यांनी निस्तरावा. माझा डबा माझ्या सीटशेजारी असतो. विनंती केली तर घासातला घास देईन. 'उघड' म्हणणाऱ्याला झाकणालाही हात लावू देणार नाही.