वेतवाल्याच्या बिनबैठकीच्या खुर्च्या

धाकटा साडू कसा माणूस होता, असं थोरल्या साडूला कुणी विचारलं असतं तर त्याने नेहमीप्रमाणे नुसती मान डोलावली असती. चौतीस वर्षांचं नातं, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पण हा वेतवाला साडू कशाने हसतो, कशाने चिडतो, एकटा असला की काय करतो, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते फक्त हात. खुर्च्या विणून पेरांवर घट्टे पडलेले, आणि बोटांची टोकं सदा पाण्यात राहून पांढरी झालेली. वेत कोरडा विणला तर मोडतो, भिजवला तर ऐकतो, एवढं एक ज्ञान त्याला साडूकडून मिळालं होतं. तेही बहुधा चहा निवेपर्यंत बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

वेतवाल्याचं दुकान जिन्याखाली आणि घर जिन्यावर. धाकटीच्या पोटात पाणी भरायला लागलं आणि डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याने काम वर आणलं. खाटेच्या पायथ्याशी बादली, बादलीत वेत, मांडीवर खुर्चीची चौकट. बायको डोळे उघडेल तेव्हा समोर आपण असावं, एवढाच त्याचा हिशेब.

धाकटी देवाला मानणारी. रोज दुपारी तीन वाजता ती डोळे मिटून देवाशी बोलायची, शेजारणीशी बोलावं तसं, हळू आवाजात. दूध नासलं, यांचा चष्मा हरवला, आज कालच्यापेक्षा कमी दुखतंय, असलं काहीबाही. वेतवाला देवाच्या वाटेला कधी गेला नाही. पण त्या अर्ध्या तासात तो खुंट्या ठोकायची हातोडी खाली ठेवायचा.

आणि नेमकी तीनलाच माणसं यायची. जेवण उरकून, डुलकी काढून, तोंडावर पाणी मारून, चेहरा पाडून यायची. एक चुलतभाऊ पांघरूण वर करून पायाची सूज बोटाने दाबून बघायचा आणि खळगा किती वेळ राहतो ते मोजायचा. एक मामी आपल्या नणंदेचं मरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, आणि सांगता सांगता आजारी बाईच्या उशाचा बिस्किटांचा डबा रिकामा करायची. चुरा पांघरुणावर. निघताना सगळे एकच म्हणायचे, "श्रद्धा ठेव हो."

सगळ्यांच्या पुढे थोरली. प्रार्थनामंडळ तीच चालवायची. बहिणीच्या खाटेशी उभी राहून ती मेहुण्याला ऐकवायची, "घरातला पुरुषमाणूस हात जोडत नाही, मग कसा गुण यायचा?"

थोरला साडू शेजारी मान डोलवत बसायचा. सरकारी कचेरीत सदतीस वर्षं साहेबांपुढे डोलावलेली मान ती. निवृत्त झाल्यावरही थांबली नव्हती.

"मला देवाशी बोलायला मध्ये माणूस नको गं ताई," धाकटी एकदा म्हणाली.

"तापात बोलतेय," थोरलीने सगळ्यांना सांगितलं. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं आली तर खोलीतल्या सहाही खुर्च्या जागेवर होत्या, पण बैठकी नव्हत्या. वेतवाल्याने सगळी जाळी कडेने कापून काढली होती. उरल्या होत्या नुसत्या चौकटी आणि भोकं.

"हे काय आणि?" थोरली.

"विणायला घेतल्यात."

"सहाच्या सहा? एकदम?"

"घरच्या खुर्च्या नेहमी राहून जातात. आता घरीच आहे, तर म्हटलं उरकून टाकू."

"मग आम्ही बसायचं कशावर?"

"चौकटीवर बसा. मधून आत गेलात तर काढतो मी, सवय आहे."

खाटेवर धाकटी हसली. पोट धरून, कळवळत, पण हसली. पुढचे चार दिवस माणसं दारात उभ्या उभ्या हळहळून, पाय दुखायला लागले की जात होती. तीनला खोली रिकामी असायची. थोरल्या साडूला मनातल्या मनात त्या माणसाला टाळी द्यावीशी वाटली. मनातल्या मनातच.

पाचव्या दिवशी थोरलीने मंडळाच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या मागवल्या. जिना चढवायला नवरा होताच. दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन तो धापा टाकत वर पोचला. वेतवाल्याने दार उघडलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जड असतील, साडूबुवा."

"छे छे, तशा हलक्या आहेत," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला स्वतःचीच किळस आली. तरी खाली जाऊन उरलेल्या चार त्याने आणल्याच.

खाटेभोवती गच्च कडं झालं. वेतवाला बादलीसकट भिंतीला ढकलला गेला. प्रार्थना सुरू झाली, टाळ्यांसकट, वरच्या पट्टीत. थोरला साडू पायथ्याशी, वेतवाल्याच्या रोजच्या जागेवर बसला होता. तिसऱ्या प्रार्थनेला धाकटीने डोळे उघडले. तिचे ओठ हलले. तो पुढे वाकला, म्हणून ऐकू आलं ते फक्त त्याला.

"भाऊजी, जरा सरका. हे दिसत नाहीत मला."

तो उठणार इतक्यात बायकोने त्याचा गुडघा दाबला. "मध्ये उठू नका! सगळं वाया जाईल!"

तो बसून राहिला. पाठीमागे कुणीतरी "मला जाऊ द्या पुढे," म्हणत होतं, पण टाळ्यांचा आवाज मोठा होता. प्रार्थना संपली तेव्हा धाकटीचे डोळे उघडेच होते आणि त्यांत बघणारं कुणी नव्हतं.

"शेवटचा शब्द देवाचं नाव!" थोरलीने हंबरडा फोडला. "ओठ हलताना मी डोळ्यांनी पाहिले. तुम्ही तर अगदी समोर होतात, हो ना?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान डोलली.

पुढे सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाला हीच गोष्ट सांगितली गेली. ऐकणारे डोळे पुसायचे, मंडळात चार नवी माणसं आली, आणि चुलतभाऊ म्हणाला, असं मरण यायला भाग्य लागतं. वेतवाला कोपऱ्यात बसून ऐकायचा. एकदाच त्याने विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलली नाही?" थोरली म्हणाली, "त्या क्षणी संसार आठवत नाही, भाऊजी." थोरला साडू उठला आणि लोखंडी खुर्च्या मिटून भिंतीशी लावू लागला.

चार महिन्यांनी त्याने स्वतःच्या घरच्या धड खुर्चीची जाळी सुरीने कापली. जायला काहीतरी निमित्त हवं होतं. खुर्ची घेऊन तो जिन्याखालच्या दुकानात गेला. वेतवाल्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. वेत भिजत घातलेला होताच. तो विणायला बसला.

निम्मी बैठक झाल्यावर थोरला साडू एका दमात बोलून गेला. देवाचं नाव नव्हतं. ती म्हणाली, भाऊजी, जरा सरका, हे दिसत नाहीत मला.

वेताची पट्टी हातात तशीच राहिली.

"आणि तुम्ही?"

"नाही सरकलो."

वेतवाल्याने पुन्हा पट्टी ओवली. पलीकडे काढली, ताणली, खुंटी ठोकली. मग पुढची. तो रागावला, की त्याला बरं वाटलं, की आणखी काही, हे थोरल्या साडूला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर कळायची सोय राहिली नाही. कारण सहा दिवसांनी वेतवाला त्याच दुकानात, बादलीशेजारी बसल्या बसल्या गेला. तिथेही थोरलीने मंडळ नेलंच. लोखंडी खुर्च्या मात्र या वेळी तिला दुसऱ्या कुणाकडून वाहून घ्याव्या लागल्या.

पण हे सांगितलं त्या दुपारी बैठक पुरी झाली. वेतवाल्याने ओल्या जाळीवर तळवा दाबून पाहिला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"दोन दिवस हिच्यावर कुणी बसू नका. वेत वाळू दे."

"नाही बसत."