सुतळी काढलेल्या बाजा

मी आणि आमच्या मंडळीनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज उचलून अंगणात आणली. डोक्याकडची बाजू माझ्याकडं, पायाकडची तिच्याकडं. नामांतराच्या दंगलीचं साल होतं. पावसानं उघाड दिली होती. आमची वस्ती जिंतूर तालुक्यातल्या एका गावाच्या बाहेर. मी पायदळातून हवालदार होऊन नुकताच पेन्शनीवर घरी आलो होतो.

आधी ती डासांना शिव्या द्यायची. मी तिला ओळख सांगितली. डास कुठंबी चावतो. ढेकूण ओळीनं चावतो, एकामागं एक, फॉलइन केल्यागत. मग बाजेचा सांधा दाखवला. शाईच्या टिपक्यासारखे काळे डाग, ती त्यांची घाण. वाकळेच्या शिवणीत रिकामी सालं आणि खसखशीपेक्षा बारीक पांढरी अंडी. एक चिरडला. रक्त आणि कुबट वास. माझा होल्डॉल उलटा केला तर त्याच्या शिवणीतबी तेच.

ती म्हणाली, "पेन्शनीसंगं पलटण बी आणली व्हय?"

बॅरेकमधे यासाठी परेड व्हायची. चारपाया मैदानात आणायच्या, सांध्यासांध्यात कढत पाणी ओतायचं, वर सुभेदार साहेबांचं इन्स्पेक्शन. धुरानं ढेकूण मरत न्हाई. उठतो आणि शेजारी जातो. म्हणून एका बॅरेकनं करून भागत न्हाई, सगळ्या लाइनीनं एकाच दिवशी करायचं. वस्तीत मी तीच ऑर्डर दिली. सगळ्या बाजा बाहेर. सुतळी सोडून उकळायची, ओढ्यावर आपटून धुवायची. लाकडाच्या भोकांत घासलेट. भिंतीच्या भेगा शेणमातीनं बुजवायच्या. फाटक्या वाकळा अंगणात जाळायच्या. चुलीचं काम बायांकडं, ओढ्याचं गड्यांकडं.

कोंडिबा माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "दादा, मारायच्या आधी ढेकणाला सलूट मारायचा का?"

"तू मार," मी म्हणालो. "तुझ्या बाजेत सुभेदार दिसायलेत."

दुपारी आमी गडी ओढ्यावर होतो. वस्तीकडून धूर निघाला.

"पेटवल्या बायांनी वाकळा," कोंडिबा म्हणाला. सगळे हसले. सुतळी आपटत राहिले. मीबी.

मग आवाज आला. ताड, ताड. छपराचा बांबू फुटला की तसा वाजतो. वाकळ जळताना आवाज करत न्हाई. मी सुतळी टाकली.

"माझ्यामागं. ओरडू नका. पळा."

गावातून जमाव आला होता. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं, त्याचा राग आमच्या छपरांवर निघाला. हातात काठ्या, कुऱ्हाडी. भोकांत सोडायला आणलेलं घासलेट त्यांनी आमच्याच डब्यातून आमच्या घरांवर ओतलं. शेजारची यशोदाआत्या पायानं अधू, ती आत अडकली होती. आमची मंडळी तिच्या दारात उभी. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं. जो पहिला पुढं आला, त्याच्या तोंडावर तिनं ते फेकलं. तो किंचाळत मातीत लोळला. त्याच्यामागच्यानं कुऱ्हाड घातली, मान आणि खांदा यांच्यामधे. मी हाकेच्या अंतरावर होतो. ती दाराला टेकली. मग हळूहळू खाली बसली. दार सोडलं न्हाई.

बाजेचा एक सुटा पाय माझ्या हाती आला. कुऱ्हाडवाल्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं मला हातात कळलं. कुऱ्हाड सुटली. मग तोंडावर घातला. परत तोंडावर. माझ्या डोक्यात कुणाची तरी काठी बसली, डावा कान तेव्हापासून गेला. कोंडिबानं आत्याला ओढून बाहेर काढलं. गडी परत आलेले बघून जमाव हटला. जाताना त्यांनी आपला भाजलेला माणूस उचलून नेला.

कॅज्युअल्टी न्यायला स्ट्रेचर लागतं.

"बाज आन," मी ओरडलो.

कोंडिबा या अंगणातून त्या अंगणात बघायला लागला.

"बाज आन, कोंडिबा."

"कंची आनू, दादा?"

अंगणाअंगणात रिकाम्या चौकटी पडल्या होत्या. सगळ्या वस्तीची सुतळी ओढ्यावर. माझ्या ऑर्डरीनं एक बाज मागं राहिली नव्हती.

मानेला जखम असलेला माणूस खांद्यावर न्यायचा नसतो. पलटणीत मी हे रिक्रूटांना शिकवलं होतं. मी तिला खांद्यावर घेतलं. कोंडिबा मागून तिचं डोकं धरून चालला. डांबरी रस्ता दिसायच्या आधी ती बोलली.

"अवो, आत्या निघाली का?"

"निघाली."

रस्त्याला गाडी मिळाली तेव्हा गाडीची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्ताच्या सदऱ्यावरच ठाण्यावर गेलो. जमादारानं बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

"अज्ञात जमाव लिहितो," तो म्हणाला. "तुला त्याच गावात राहायचंय, हवालदार."

"जमाव न्हाई. मानसं होती. नावं लिव्हा."

मी बापाच्या नावासकट सांगितली. कुऱ्हाडवाल्याचं आधी. त्याच्या बांधाला माझा बांध. जमादारानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लिहिली.

"मयताचं नाव?"

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत न्हाई. 'अगं' म्हणलं की भागतं. पलटणीतून पत्र धाडायचो तेबी कोंडिबाच्या नावानं. लग्न झाल्यापासून ते नाव माझ्या तोंडात आलं नव्हतं.

"नाव सांगा. लिहायचंय."

मी सावधान उभा राहिलो.

"द्रुपदा."

"ऐकू आलं न्हाई."

"द्रुपदाबाई," मी परेडच्या आवाजात सांगितलं. बाहेरच्या बाकावरची माणसंबी उठून उभी राहिली.