काळी बियर करपली म्हणालो अन् मॅडम म्हणाल्या, ओतू का?

मंडळी, आज कामावर माझ्या तोंडून एक शब्द निघाला अन् अख्खी टाकी जाता जाता राहिली.

मी पुण्यात बियर बनवतात तिथं टाक्या धुतो. बनवणाऱ्या मॅडमनं आज नव्या काळ्या बियरचा एकेक घोट सगळ्यांना दिला. चव बिघडली असेल तर टाकी ओतून द्यायची होती. कोणी म्हणे कॉफी, कोणी म्हणे चॉकलेट. मी म्हणालो, "करपली."

मॅडमचा चेहरा उतरला. गाववाला दोस्त कानात म्हणाला, "काऊन बोलला बे? आता ओततीन त्या."

"ओतू का मग?" मॅडमनं विचारलं.

"नाही जी, ओतता काऊन? आमच्या घरी करपलेल्या भाकरीसाठी भांडणं होतात. मले अजून एक ग्लास द्या."

मॅडम हसल्या. "या बियरचे जव मी मुद्दाम काळे होईपर्यंत भाजले. मला करपट लागत नाही. पण जीभ तुझी आहे."

टाकी राहिली. एवढी जाणकार बाई, पण माझी चव चूक म्हणाली नाही. असे मास्तर भेटले असते तर मी सातवीतून पळालो नसतो.

तुमच्या कोणत्या आवडीवर लोक हसतात? लिहा खाली, मी नाही हसणार.